जुन्या मोटारीस अधिक अश्वशक्ती द्यावी काय?

जुनी मोटार बाळगणाऱ्यापुढे जे प्रश्न वारंवार उभे राहतात, त्यांपैकी बहुतेकांचा निकाल मिस्त्रीच्या लेथवर किंवा मालकाच्या खिशात लागतो. परंतु एक प्रश्न असा आहे की, त्याचा निकाल या दोन्ही ठिकाणी लागत नाही. जी मोटार केवळ हौसेने आणि वेगाने हाकण्यासाठी घडवली गेली, आणि जिची शक्ती तिच्या काळी मुबलक मानली जात होती, तिच्या इंजिनात फेरफार करून तिला आजच्या रस्त्यांच्या तोडीची करावी, की ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राखावी, हा तो प्रश्न होय.

पुण्यातील माझे एक स्नेही, ज्यांची उभी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचण्या घेण्यात गेली, आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करणारी त्यांची भाची, या दोघांमध्ये हा वाद गेले काही महिने चालू आहे. वादाचा विषय म्हणजे १९६७ सालची, दोन आसनांची, उघड्या टपाची एम. जी. बी. ही इंग्लिश मोटार. भाचीच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या वडिलांनी (आप्पांनी), ती सत्तरच्या दशकात एका परदेशी वकिलातीतील अधिकाऱ्याकडून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या मार्फत घेतली होती, आणि त्यांच्या पश्चात ती या दोघांच्या सामाईक मालकीची झाली आहे. वयोमानाने पाहता ज्याने जुन्याचा कैवार घ्यावा तो फेरफाराच्या बाजूला आणि जिने नव्याची हौस धरावी ती जतनाच्या बाजूला, अशी या वादाची उलटी मांडणी असल्यामुळे तो मला विशेष ऐकण्यासारखा वाटला, म्हणून दोघांच्या अनुमतीने तो येथे उतरवून काढला आहे.

मामा : हे बघ, भावनेच्या गोष्टी मागाहून बोलू, आधी आकडे मांडू. १७९८ सी. सी. चे चार सिलिंडरांचे बिडाचे इंजिन, मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर ९५ अश्वशक्ती, उभ्या गाडीपासून ताशी साठ मैलांचा वेग गाठायला बारा सेकंदांच्या आसपास, आणि कमाल वेग ताशी शंभर मैलांच्या किंचित वर. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही गाडी प्रथम बाहेर पडली तेव्हा हे आकडे मिरवण्यासारखे होते. आज भाजी आणायला नेण्याची छोटी गाडीसुद्धा सिग्नलवरून हिच्या पुढे निघून जाते. वेगासाठी जन्मलेल्या वस्तूला पसरणी घाटात दुधाच्या टेम्पोने मागे टाकावे, आणि आपण ‘जतन, जतन’ म्हणत बसावे, याला मी जतन म्हणत नाही. तिच्या देहाची काळजी घ्यायची आणि तिचा स्वभाव मात्र मरू द्यायचा, हा कोणता न्याय?

भाची : मामा, तुम्ही सांगितलेला ९५ हा आकडा कारखान्याच्या पत्रकातला आहे, आपल्या गाडीचा तो आकडा आज आहे काय, हे कोणी तपासले आहे? सिलिंडर झिजलेले, रिंगा सैल झालेल्या, कार्ब्युरेटरच्या दांड्या त्यांच्या भोकांत खुळखुळत असल्यामुळे भलतीकडूनच हवा आत शिरते आहे, डिस्ट्रिब्यूटरमधली वजने गंजून अडकली असल्यामुळे ठिणगी वेळेवर पडत नाही, हे सारे तुम्हीच मला दिवाळीत बोनेट उघडून दाखवले होते. अशा इंजिनाने टेम्पोला वाट द्यावी यात नवल ते काय! आपण तिची तुलना आजच्या गाड्यांशी करतो आहोत; पण तिची पहिली तुलना तिच्या स्वतःशीच व्हायला नको काय?

मामा : हे मान्य. किंबहुना मीही तुला हेच सांगणार होतो की, कोणताही फेरफार करण्यापूर्वी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले पाहिजे, व्हॉल्व्हच्या बैठका घासून घेतल्या पाहिजेत आणि गळक्या कार्ब्युरेटरवर नवी सुई बसवून काही साधत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण समजा, हे सारे झाले आणि ती पुन्हा तिच्या ९५ वर आली, पुढे काय? या इंजिनाच्या हेडची घडण तू पाहिली आहेस. चार सिलिंडर, पण मिश्रण आत घेण्याच्या वाटा दोनच. दोन दोन सिलिंडर एकाच वाटेवर अवलंबून. एक श्वास घेतो तोवर दुसऱ्याने थांबायचे, असा तो कारभार आहे. हॅरी वेस्लेक हा हवेच्या प्रवाहाचा मोठा जाणकार, त्याने या हेडचा ज्वलनकक्ष आखून दिला म्हणून एवढे तरी निघते. त्या वाटा आतून घासून गुळगुळीत केल्या, कॅमशाफ्ट जरा तीव्र घडणीचा घातला, धूर बाहेर जायला मोकळी नळी दिली आणि दोन एस. यू. च्या जागी वेबरचे एक जोड-कार्ब्युरेटर बसवले, तर वीस-पंचवीस अश्वशक्ती सहज वाढतात. ब्लॉक बोअर करून ८० मिलिमीटरचा सिलिंडर साडेत्र्याऐंशीपर्यंत नेला तर सुमारे १९५० सी. सी. होतात, आणि मग घाटात तिसऱ्या गिअरमध्ये तिची ओढ काय असते ते तू पाहशील.

भाची : आणि त्या ओढीची किंमत कोण मोजणार, तेही पाहू. तीव्र कॅमशाफ्ट वरच्या फेऱ्यांवर जे देतो ते खालच्या फेऱ्यांवरून काढून घेतो, हे मी तुमच्याचकडून शिकले. म्हणजे पसरणी घाटात दहा मिनिटे आनंद, आणि कर्वे रस्त्यावर मुंगीच्या पावलाने सरकताना तासभर धडधड आणि तापलेला रेडिएटर. बरे, इंजिनाने दिलेली वाढीव शक्ती वाऱ्यावर जात नाही. ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून मागच्या आसात उतरते. आपल्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेशसुद्धा नाही. पुढे डिस्क आहेत, पण मागे ड्रमच आहेत, आणि चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच नळीच्या जाळ्यातून फिरते. एक रबरी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. वेग दीडपट झाला तर थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते, हे तर शाळेतले गणित. तुम्ही एक भाग बलवान करायला निघालात की त्याच्या शेजारचा भाग आपोआप दुबळा ठरतो, आणि शेवटी सबंध गाडी बदलल्याशिवाय तुमचा फेरफार पुरा होत नाही.

मामा : मग सबंध गाडी बदलू नये असे कोणी सांगितले? अगं, या एम. जी. नावाचा उगमच फेरफारात आहे. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा व्यवस्थापक सेसिल किम्बर याने विसाच्या दशकात साध्या मॉरिस काउली मोटारीवर निराळे, हलके, देखणे सांगाडे चढवून विकायला आरंभ केला, आणि त्या दुरुस्तीखान्यातून हा कारखाना जन्माला आला. पुढे ॲबिंग्डनच्या कारखान्याने ‘स्पेशल ट्यूनिंग’ नावाचा स्वतंत्र विभागच उघडला होता. तीव्र कॅमशाफ्ट, मोठे कार्ब्युरेटर, घासलेली हेडे, ही सारी सामग्री खुद्द कारखाना गिऱ्हाइकाला विकत असे. १९६६ साली नुर्बुर्गरिंगवर ८४ तासांची जी शर्यत झाली, ती एका एम. जी. बी. नेच जिंकली, ती काही पत्रकातल्या ९५ अश्वशक्तींवर नव्हे! तेव्हा या गाडीत फेरफार करणे म्हणजे परंपरा मोडणे नव्हे, परंपरा चालवणे आहे. तू वाड्यांची दुरुस्ती करतेस. तुझ्या वाड्यात राहणाऱ्याला तू विजेचा दिवा लावू देतेस की नाही? की पेशव्यांच्या काळी समया होत्या म्हणून आजही त्याने समईतच वाचावे?

भाची : दिवा जरूर लावू देते, पण त्यासाठी तुळईला भोक पाडू देत नाही. तार भिंतीवरून न्यावी, खुंटीला बांधावी, आणि उद्या कोणाला ती नको झाली तर काढून टाकल्यावर भिंत होती तशी उरावी, हीच माझ्या धंद्यातली मुख्य अट आहे. १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद वास्तुरक्षकांनी मान्य केली, तिचा रोख हाच की, जिथे अनुमानाला आरंभ होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जुन्या वाहनांसाठीही तशीच सनद आहे. ती तुरिनच्या नावाने ओळखली जाते आणि २०१३ साली तिला मान्यता मिळाली. वाहन वापरू नका असे ती सांगत नाही, उलट ते चालते ठेवा असेच सांगते. मात्र जे बदल अटळ असतील ते परत फिरवता येतील असे करा आणि त्यांची नोंद ठेवा, असा तिचा आग्रह आहे. किम्बरचे म्हणाल, तर त्याने ज्या काउलीवर हत्यार चालवले ती त्या दिवशी दुकानात नवी मिळत होती. बिघडली असती तर त्याने दुसरी आणली असती. आपण दुसरी कुठून आणणार?

मामा : दुसरी? पाच लाखांहून अधिक एम. जी. बी. बांधल्या गेल्या! १९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडेपर्यंत त्या निघतच होत्या, आणि १९८८ पासून तर इंग्लंडमध्ये जुन्याच साच्यांवर हिचे अख्खे पत्र्याचे धूड नवे करून विकत मिळते. ही काही जगातली एकमेव मूर्ती नव्हे की तिला अत्तर लावून देव्हाऱ्यात बसवावी.

भाची : इंग्लंडमध्ये ती विपुल आहे, हे खरे, पण आपली गाडी इंग्लंडमध्ये नाही, पुण्यात आहे. परदेशी मोटार आणण्यावर सरकारने कडक निर्बंध घातले होते, वकिलातींच्या लोकांच्या गाड्या सरकारी महामंडळाच्या हातून विकल्या जात होत्या, आणि एका मराठी गृहस्थाने तशा विक्रीतून ही छानदार मोटार घेतली, हा सारा इतिहास आपल्या कपाटातल्या त्या पुठ्ठ्याच्या फायलीत आहे. मूळ पावती आहे, मुंबईच्या नोंदणीचे जुने पुस्तक आहे, आजोबांच्या हातची, दर वेळी तेल कधी बदलले आणि प्लग कधी साफ केले त्याची वही आहे. नवे धूड विलायतेहून आणता येईल, पण त्या वहीत ज्या इंजिनाचा क्रमांक लिहिला आहे ते इंजिन तुम्ही ८३ मिलिमीटरच्या पलीकडे बोअर केले की मूळ धातूसह पुन्हा ८० ला आणता येणार नाही. काढलेला धातू परत येत नाही, मामा.

मामा : बरे, बोअर करणे राहू दे. मग ब्लॉकला हातच लावायला नको असा मार्ग सुचवतो. आप्पांचे इंजिन जसेच्या तसे काढून, तेल भरून, गोणपाटात गुंडाळून जपून ठेवू, आणि त्या जागी रोव्हरचे व्ही-८ बसवू. हसू नकोस, हाही कारखान्याचाच मार्ग आहे. १९६७ साली त्यांनी एम. जी. सी. म्हणून सहा सिलिंडरांची गाडी काढली, तीत २९१२ सी. सी. चे आणि १४५ अश्वशक्तींचे इंजिन घातले. पण ते बिडाचे अवजड इंजिन पुढच्या चाकांवर इतके बसले की गाडी वळणात नाक फिरवायला कुरकुर करू लागली, जाणकारांनी तिला नावे ठेवली आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. तो धडा त्यांना पुरला. पुढे केन कॉस्टेलो नावाच्या एका इंग्रजाने आपल्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचे व्ही-८ हिच्यात बसवून दाखवले. ते मूळचे अमेरिकेतल्या ब्यूइक कंपनीच्या आराखड्याचे, आणि आठ सिलिंडरांचे असूनही वजनाने आपल्या बिडाच्या चार सिलिंडरांच्या जवळपास. त्याचे पाहून १९७३ साली कारखान्याने तीच गाडी स्वतः काढली: ३५२८ सी. सी., १३७ अश्वशक्ती, आणि तरीही नाकावर बोजा नाही. शक्ती वाढवली म्हणजे तोल जातोच असे नाही, याचा याहून चांगला पुरावा तुला कुठे मिळणार?

भाची : तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत, आणि दोन्ही माझ्याच बाजूच्या आहेत. ज्या कारखान्याकडे आराखडे, चाचणीचे रस्ते आणि पगारी अभियंते होते, त्याचा पहिला प्रयत्न फसला आणि दुसरा साधला, पण तोही बंद टपाच्या गाडीपुरताच. उघड्या टपाची व्ही-८ त्या काळी त्यांनी विक्रीला काढलीच नाही, ती आर. व्ही. ८ या नावाने निघाली ती थेट १९९२ मध्ये. आपली गाडी उघड्या टपाची आहे. शिवाय १९७३ ते १९७६ या अवधीत कारखान्याने व्ही-८ बांधल्या त्या अवघ्या २५९१. कारखान्याला जे इतक्या जपून करावे लागले, ते आपण गुलटेकडीच्या एखाद्या गॅरेजात एका पावसाळ्यात उरकणार काय? आणि समजा उरकले, तर परिवहन कार्यालयात जाऊन काय सांगणार?

मामा : कायद्याचे तू आत्ताच काढलेस, ते बरे केलेस; कारण तिथे मला तुझा कल्पनाविलास दिसतो.

भाची : कल्पनाविलास नव्हे, कलम आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाचा मथितार्थ असा की, नोंदणीच्या दाखल्यातला तपशील आणि कारखानदाराने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाने करू नये. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे वगैरे अपवाद त्यात आहेत, पण चार सिलिंडरांच्या जागी आठ बसवण्याची हौस त्या अपवादांत बसत नाही. दाखल्यात सिलिंडरांची संख्या आहे, सी. सी. आहे, इंजिनाचा क्रमांक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ चांगला कडक लावला. तपासणीच्या वेळी निरीक्षकाने बोनेट उघडले आणि हरकत घेतली, तर आपला जबाब काय? आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनीला नकाराचे कारण आपणच लिहून दिल्यासारखे होईल.

मामा : पण जुन्या गाड्यांसाठी निराळे नियम झाले आहेत ना?

भाची : झाले आहेत, आणि ते तुमच्या अधिकच विरुद्ध आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने जे नियम काढले त्यांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, खासगी वापराचे आणि मूळ रूपात राखलेले वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी करायची तर वीस हजार रुपये शुल्क, आणि क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे. मात्र सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असला, तर तो मान मिळत नाही. आणि मान मिळाला तरी ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, अशा ठरावीक कामांपुरतीच ती रस्त्यावर यायची.

मामा : म्हणजे न बदललेली गाडी चालवायची नाही, आणि चालवायची गाडी बदलायची नाही! वा, सरकारने आपला वाद चांगलाच मिटवला.

भाची : मिटवला नाही, उलट मूळ प्रश्न उघड केला. आपल्याला ही गाडी संग्रहासाठी ठेवायची आहे की फिरण्यासाठी, हे आपण दोघांनी आजवर एकमेकांना विचारलेलेच नाही. संग्रहासाठी ठेवायची असेल तर वाढीव अश्वशक्ती कोणत्या रस्त्यावर खर्चणार? आणि फिरण्यासाठी ठेवायची असेल तर नेहमीच्या दाखल्यावर, दर पाच वर्षांनी तो नवा करून घेत, कलमाच्या मर्यादेत राहून जे करता येईल तेवढेच करावे.

मामा : फिरण्यासाठी. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आप्पांनी ती बंद खोलीत ठेवायला घेतली नव्हती. पण मग तुझ्या ‘मूळ रूपा’लाही एक प्रश्न विचारतो. ही गाडी घडली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते. त्या शिशाचा लेप व्हॉल्व्हच्या बैठका राखत असे. २००० साली आपल्याकडे शिसे गेले. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर खाते, पाणी शोषून टाकीला गंज चढवते, आणि एका लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्यामुळे जुन्या सुईवर मिश्रण पातळ पडून इंजिन तापते. तेव्हा ‘होती तशी’ गाडी तू ठेवूच शकत नाहीस. तिच्या पोटात जाणारे अन्नच बदलले आहे. बैठका कठीण पोलादाच्या घालाव्या लागतील, नळ्या बदलाव्या लागतील, कार्ब्युरेटरची सुई बदलावी लागेल. हा फेरफार चालतो, आणि माझा चालत नाही, ही सीमारेषा तू कुठे आखतेस?

भाची : गाडी जगावी म्हणून जो फेरफार करावा लागतो तो मी कर्तव्य समजते, आपल्या हौसेसाठी जो करायचा त्याच्याकडून मी हमी मागते.

मामा : हौसेला इतके हिणवू नकोस. ही मोटार मुळात हौसच आहे. दोन माणसे, एक पेटी, टपावर कापड आणि अंगावर वारा. हिचा संसाराला काडीचा उपयोग नाही. हौस वजा केलीस तर तुझ्या जतनाला तरी उरते काय?

भाची : हे मात्र तुम्ही खरे बोललात. हौसेला माझी हरकत नाही, मामा. तिने आपल्यानंतरच्या माणसाचा हक्क बुडवू नये एवढेच माझे म्हणणे. बोल्टाने बसते आणि बोल्टाने निघते ते तुम्ही खुशाल बसवा. जुना भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. कापणे, जोडणे, बोअर करणे, याला माझी संमती नाही.

मामा : म्हणजे मोकळी एक्झॉस्ट नळी चालेल, कार्ब्युरेटर चालेल, पुढच्या ब्रेकला सर्व्हो आणि ब्रेकच्या तेलाची दोन स्वतंत्र जाळी चालतील, रेडिएटरपुढे विजेचा पंखा चालेल?

भाची : ब्रेक आणि पंखा आधी, कार्ब्युरेटर नंतर. त्या क्रमाबद्दल तडजोड नाही.

मामा : आणि कॅमशाफ्ट? तोही बोल्टानेच निघतो.

भाची : तो काढायला इंजिन अर्धे खोलावे लागते, आणि गाडीचा स्वभाव बदलतो.

मामा : सौम्य घडणीचा घातला तर बदलत नाही, सुधारतो.

येथे संभाषण थांबले, म्हणजे दोघेही एकाच वेळी बोलू लागल्यामुळे मला लिहून घेता आले नाही. कॅमशाफ्टचा मुद्दा अद्याप अनिर्णित आहे, आणि तो त्यांच्यात तसाच राहील असा माझा कयास आहे. परंतु बाकीच्या वादातून जे निष्पन्न झाले ते कोणत्याही जुन्या मोटारीच्या मालकास उपयोगी पडण्याजोगे आहे, म्हणून त्याविषयी माझा अभिप्राय नमूद करतो.

माझ्या मते मामांचे निदान बरोबर आहे आणि औषध भाचीचे बरोबर आहे. जी मोटार चालवताना आनंद होत नाही ती राखण्यात अर्थ नाही, हे मामांचे म्हणणे मला पटते, आणि केवळ दुर्मिळ आहे म्हणून एखाद्या यंत्राला निश्चल करून ठेवणे हा त्याच्या घडवणाऱ्यांचा सन्मान नव्हे, हेही पटते. परंतु अधिक शक्तीची जी तहान आपल्याला लागते, तिच्यातला मोठा वाटा वस्तुतः झिजेमुळे हरवलेल्या मूळ शक्तीचा असतो, आणि तो परत मिळवण्यासाठी नव्या इंजिनाची नव्हे, तर जुन्या इंजिनाकडे प्रामाणिकपणे पाहण्याची गरज असते. शिवाय सामाईक वारशात, आणि जुनी मोटार हा नेहमी सामाईक वारसाच असतो, आजच्या धन्याचा अधिकार हा मुदतीचा अधिकार असतो. पुढच्या धन्याला जी गोष्ट मागे फिरवता येणार नाही ती करण्याची सनद त्याला कोणी दिलेली नाही. व्ही-८ बसवण्याचा विचार या दोघांनी सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे: कायदा विरुद्ध आहे, उघड्या टपाच्या बॉडीबद्दल कारखान्याचा त्या काळचा दाखला पाठीशी नाही, आणि ज्यांना व्ही-८ ची एम. जी. हवी त्यांच्यासाठी कारखान्याने ती स्वतंत्रपणे बांधून ठेवलीच आहे. राहिला कॅमशाफ्ट, त्याची घडण सौम्य असेल, मूळचा कॅमशाफ्ट तेल लावून जपून ठेवला जाईल आणि आजोबांच्या वहीत त्या कामाची तारीखवार नोंद होईल, तर मी मामांच्या बाजूने कौल देईन.

ज्या वाचकांच्या पडवीत अशी एखादी मोटार उभी असेल, त्यांनी कामाचा क्रम मात्र चुकवू नये. ती संग्रहासाठी की फिरण्यासाठी, हे प्रथम ठरवावे व त्याप्रमाणे तिची नोंदणी ठेवावी. मग इंधनाच्या नळ्या आणि व्हॉल्व्हच्या बैठका, मग ब्रेक, मग रेडिएटर, आणि या सर्वांनंतर अश्वशक्ती. सुट्या भागांची विलायतेहून मागणी करण्यापूर्वी तर जवळच्या मिस्त्रीकडून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. त्या तपासणीला अर्धा तास लागतो, आणि पुष्कळदा पुढचा सारा खर्च तिथेच वाचतो.